पडद्याआडचा आवाज रंगमंचावर

ॲनिमेशन मालिकेतील पात्र सर्वांना ठाऊक असते. त्याला आवाज देणारा कलावंत मात्र बहुधा अपरिचितच राहतो. जपानमध्ये या कलावंतांना 'सेइयू' म्हणतात. त्यांना रंगमंचावर मानाचे स्थान मिळवून देणाऱ्यांत नाना मिझुकी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

शिकोकू बेटावरील निइहामा शहरात २१ जानेवारी १९८० रोजी त्यांचा जन्म झाला. मुलीने 'एन्का' या जुन्या वळणाच्या गीतप्रकाराची गायिका व्हावे, ही वडिलांची इच्छा. बालपणी त्यांनीच तिच्याकडून कसून रियाज करून घेतला. पुढे टोकियोत आधी दार उघडले ते आवाजाच्या अभिनयाचे. गायिका म्हणून पहिली ध्वनिमुद्रिका डिसेंबर २००० मध्ये निघाली. २००२ मध्ये सुरू झालेल्या 'नारुतो' मालिकेतील लाजाळू हिनाताही त्यांच्याच आवाजात बोलू लागली.

वडिलांचे २००८ मध्ये निधन झाले. पुढच्याच वर्षी मिझुकी यांचा 'अल्टिमेट डायमंड' हा अल्बम 'ऑरिकॉन'च्या साप्ताहिक यादीत अव्वल ठरला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या सेइयू. त्याच वर्षअखेरीस 'एनएचके'च्या प्रतिष्ठित गीतसोहळ्यात त्या गायल्या, तर डिसेंबर २०११ मध्ये विशाल टोकियो डोममध्ये सलग दोन दिवस. एन्कासाठी घोटवलेला गळा ॲनिमेशनच्या गीतांतून देशभर पोहोचला. तो दिवस पाहायला गुरू मात्र उरले नव्हते.