टेक्नेशियम : मनुष्यानें घडविलेलें मूलद्रव्य

लोखंड, तांबें, सोनें इत्यादि धातु सृष्टीनें भूगर्भांत सांठवून ठेविले आहेत व मनुष्य ते खणून काढितो. परंतु एक धातु असा आहे कीं, तो प्रथम यंत्रांत निपजला व मग मनुष्यास त्याची ओळख पटली. त्याचें नांव टेक्नेशियम. ग्रीक भाषेंत 'टेक्नेटॉस' म्हणजे कृत्रिम. त्यावरून १९४७ सालीं हें नांव ठेवण्यांत आलें.

रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्ह यानें १८६९ सालीं मूलद्रव्यांचें कोष्टक रचिलें, तेव्हां त्यांत मँगॅनीजच्या खालचें घर रिकामें राहिलें. त्या घरांत बसणारें मूलद्रव्य पुढें सांपडेल असें भाकित करून त्यानें त्यास 'एका-मँगॅनीज' म्हटलें. यांतील 'एका' हा शब्द संस्कृतांतील 'एक' होय. पुढें अनेकांनीं शोध लागल्याचें जाहीर केलें, पण कोणाचाहि दावा टिकला नाहीं. अखेर अमेरिकेंतील बर्कले येथें लॉरेन्स याच्या सायक्लोट्रॉन यंत्रांत अणुकणांचा मारा सोसलेला मॉलिब्डेनमचा पत्रा इटलींतील पालेर्मो येथें पाठविण्यांत आला. १९३७ सालीं सेग्रे व पेरिये यांनीं त्यांत हें ४३ वें मूलद्रव्य शोधून काढिलें. मॉलिब्डेनमच्या अणुगर्भांत ४२ प्रोटॉन असतात. त्यांत एकाची भर पडली आणि नवा धातु जन्मास आला.

मग हा धातु खाणींत कां मिळत नाहीं? ज्या काळांत किरणोत्सर्गी पदार्थाचे निम्मे अणु पालटून जातात, त्यास अर्धायुष्य म्हणतात. टेक्नेशियमच्या सर्वांत चिवट प्रकाराचें अर्धायुष्य सुमारें ४२ लक्ष वर्षें आहे. पृथ्वीचें वय तर सुमारें साडेचार अब्ज वर्षें. अर्थात् आरंभींचें टेक्नेशियम केव्हांच संपून गेलें. युरेनियमच्या खनिजांत नवें उत्पन्न होतें, पण तें लेशमात्रच. १९५२ सालीं मात्र मेरिल यास कांहीं तांबड्या ताऱ्यांच्या प्रकाशांत याची खूण आढळली. ताऱ्यांच्या पोटांत मूलद्रव्यें घडत असतात, याचा तो ठळक पुरावा ठरला.

हा धातु रुपेरी करड्या रंगाचा, पाण्याच्या सुमारें अकरा पट जड व सुमारें २१५७ अंश सेंटिग्रेडला वितळणारा आहे. त्याचा खरा उपयोग रुग्णालयांत होतो. 'टेक्नेशियम-९९एम' या प्रकाराचें अर्धायुष्य अवघे सहा तास असतें; म्हणजे एका अहोरात्रांत त्याचा सोळावा हिस्साच उरतो. योग्य औषधाशीं जोडून तें टोंचलें असतां इष्ट अवयवांत जाऊन बसतें. त्याचे गॅमा किरण शरीराबाहेर येतात व कॅमेऱ्यांत टिपले जातात. हाडें, हृदय, मूत्रपिंडें यांचें कार्य अशा रीतीनें शस्त्र न लावतां पाहतां येतें.

सहा तासांत निम्मा होणारा पदार्थ दूरच्या गांवीं कसा पोंचवावा? त्यासाठीं त्याचा जनक, मॉलिब्डेनम-९९, पाठवितात. त्याचें अर्धायुष्य ६६ तास असतें. ॲल्युमिनाच्या नळींत तो धरून ठेविलेला असतो व त्यापासून टेक्नेशियम सतत उत्पन्न होतें. नळींतून मिठाचें पाणी सोडलें कीं टेक्नेशियम तेवढें विरघळून येतें. हें काम दूध काढण्यासारखें असतें, म्हणून प्रयोगशाळांत त्या उपकरणास गमतीनें 'गाय' म्हणतात.

मात्र या गायीस चार महिन्यांचा चारा सांठवून ठेवितां येत नाहीं. २००९ सालीं कॅनडांतील चॉक रिव्हर येथील अणुभट्टी गळतीमुळें वर्षाहून अधिक काळ बंद पडली, तेव्हां अनेक देशांत रुग्णांच्या तपासण्या लांबणीवर पडल्या. याच मूलद्रव्याचा दुसरा प्रकार, टेक्नेशियम-९९, अणुभट्ट्यांच्या राखेंत राहतो. त्याचें अर्धायुष्य २ लक्ष ११ हजार वर्षें असून तो पाण्याबरोबर सहज वाहतो. म्हणून त्याची राखण पिढ्यान् पिढ्या करावी लागेल.

पालकांनीं 'किरणोत्सर्ग' या शब्दानेंच बिचकून जाऊं नये. वैद्य मात्रा मोजूनच देतात. परंतु गर्भवती अथवा अंगावर पाजणाऱ्या मातेनें आपली स्थिति वैद्यास आधीं अवश्य सांगावी. विद्यार्थिमित्रहो, एकच मूलद्रव्य; त्याचा एक प्रकार सहा तासांत आपली सेवा आटोपून ओसरतो, तर दुसरा लक्षावधि वर्षें पहारा मागतो. पदार्थाचे गुण नीट जाणल्यावांचून त्यास भला किंवा बुरा म्हणूं नये, हाच यांतील बोध होय.