वेठ मोडणाऱ्या बाईची मालिका

२०१२ साली झी मराठीवर ‘उंच माझा झोका’ सुरू झाली आणि रमाबाई रानडे घरोघर पोहोचल्या. तेजश्री वालावलकरने रंगवलेली छोटी रमा आणि नंतर स्पृहा जोशीची मोठी रमा संध्याकाळच्या जेवणाच्या वेळेला लोकांना आपल्या घरातली वाटू लागली. पुढे २०१९ मध्ये ‘स्वराज्यजननी जिजामाता’ आली, २०२० मध्ये ‘सावित्रीज्योती’ आणि २०२१ मध्ये हिंदीतून ‘पुण्यश्लोक अहिल्याबाई’. यांतली ‘सावित्रीज्योती’ पुरेसा प्रेक्षक मिळाला नाही म्हणून वर्षाच्या आतच बंद झाली. जिने मुलींसाठी शाळा काढली तिची गोष्ट महाराष्ट्रात वर्षभरही चालू नये, याचं दुःख मला अजून आहे.

या ओळीत आणखी एक नाव असावं, असं आमच्या नवापूर-बोईसरच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला वाटणं स्वाभाविक आहे. ते नाव म्हणजे गोदावरी परुळेकर. बोईसरहून चिल्हारमार्गे मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागलं आणि उत्तरेला वळलं, की ज्या डहाणू-तलासरीत आपण शिरतो तिथल्या वारली आदिवासींनी या बाईला जवळ केलं. तलासरीच्या महाविद्यालयाला आज त्यांचं नाव आहे. आमच्या बाजूला मात्र अणुवीजकेंद्र, औद्योगिक वसाहत आणि समुद्र एवढ्यातच पालघर जिल्ह्याची ओळख आटोपते. किनाऱ्यावरच्या माणसाला डोंगराकडच्या इतिहासाची फार खबर नसते.

आधी रमाबाईंबद्दल थोडं, कारण चरित्रमालिकेची अडचण तिथेच दिसते. त्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली निघालं. ते न्यायमूर्ती रानड्यांच्या १९०१ मधल्या मृत्यूपाशी थांबतं. रमाबाई त्यानंतर तेवीस वर्षं जगल्या. पुण्याचं सेवासदन त्यांनी याच काळात उभं केलं आणि मुंबई इलाख्यात बायकांना मताचा अधिकार मिळावा म्हणून १९२१ च्या सुमारास चळवळ केली. म्हणजे त्यांचं खरं सार्वजनिक आयुष्य त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानानंतर सुरू होतं. आठवणींवर उभी राहणारी मालिका मग साहजिकच माजघर, सासरची माणसं, चोरून केलेला अभ्यास आणि नवऱ्याचा आधार यांत रमते. ते खोटं नाही, आणि ‘उंच माझा झोका’ने ते जिव्हाळ्याने दाखवलं. पण सभेत उभ्या राहणाऱ्या, ठराव मांडणाऱ्या, अर्ज घेऊन फिरणाऱ्या रमाबाई त्यामुळे मागेच राहतात. पुढारी बाई घरात कशी घडली, यावर आपल्याकडे दोनशे भाग होऊ शकतात. तिने राजकारण कसं केलं, ते मात्र चार संवादांत उरकलं जातं.

गोदावरीबाईंच्या बाबतीत असं उरकता येणार नाही, कारण घर त्यांनी फार लवकर सोडलं. १४ ऑगस्ट १९०७ रोजी त्यांचा जन्म पुण्याच्या गोखले घराण्यात झाला. (पालघरकरांसाठी १४ ऑगस्ट हा १९४२ च्या पाच हुतात्म्यांचा दिवस, हा निव्वळ योगायोग, पण आमच्याकडे ही तारीख कुणी सहज विसरत नाही.) वडील नामांकित वकील. मुलगी फर्ग्युसनमध्ये शिकली, कायद्याची पदवीधर झाली. सविनय कायदेभंगात तुरुंगात गेली आणि बाहेर आल्यावर मुंबईला येऊन भारत सेवक समाजात दाखल झाली. त्या संस्थेच्या त्या पहिल्या महिला आजीव सदस्य. ही संस्था गोपाळ कृष्ण गोखल्यांची, आणि गोखले रानड्यांना गुरू मानणारे. रमाबाई १९२४ मध्ये वारल्या तेव्हा गोदावरी सोळा वर्षांची, पुण्यातच वाढणारी. मालिका लिहिणाऱ्याला यात एक देखणा धागा सापडेल.

पण तो धागा त्यांनी स्वतःच तोडला. साक्षरतेचे वर्ग आणि घरकामगार बायकांची संघटना ही कामं करताना दानधर्माच्या वाटेने फार दूर जाता येत नाही, हे त्यांना उमगलं. १९३९ मध्ये शामराव परुळेकरांशी लग्न झालं. हे शामराव डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातले, कोकणातल्या खोतीविरुद्धच्या लढ्यातले. त्याच वर्षी दोघं भारत सेवक समाजातून बाहेर पडून कम्युनिस्ट पक्षात गेले. पुढे अटक, तुरुंग, आणि सुटल्यावर किसान सभेचं काम.

यानंतरचा काळ पडद्यासाठी सर्वात कसाचा आहे आणि तिथेच घात होण्याची भीतीही सर्वात जास्त. पुण्याची शिकलेली बाई जंगलात येते, भाषण करते आणि आदिवासी जागे होतात, अशी पटकथा लिहिणं सोपं आहे. पण घडलं असं नव्हतं. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं, त्याला उंबरगाव तालुक्यातले वारली आपणहून आले होते. त्यांतल्या माह्या धांगडाने तिथे उभं राहून वेठबिगारीची हकीकत सांगितली. बाई त्यांच्याकडे जाण्याआधी ते बाईंकडे आले होते. मालिकेचा पहिला भाग म्हणून पुण्याच्या वाड्यात सुरू होऊन चालणार नाही. तो उंबरगावच्या पाड्यावर सुरू व्हायला हवा.

पाड्यावर काय होतं? सावकार-जमीनदाराच्या शेतात फुकट राबायचं, ही वेठ. लग्नासाठी पैसे उचलले की ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी मालकाकडे राबायचं, ही लग्नगडीची रीत. कर्ज फिटत नसे, आणि राबणं पोरांच्याही वाट्याला येई. मारहाण, बायकांची विटंबना हे सगळं रोजचं होतं. या सगळ्याला कायद्याचा आधार नव्हता. आधार होता तो भीतीचा.

२३ मे १९४५ रोजी झरी गावात सभा झाली. पाचेक हजार वारली जमले. फुकट राबायचं नाही, मालकाच्या शेतात दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हात उगारला तर तो अडवायचा, आणि एकजूट मोडायची नाही, असं ठरलं. चार साध्या गोष्टी. यांतली एकही मागणी क्रांतीची वाटत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घातलेल्या माणसाने त्या उच्चारणं ही मोठीच उलथापालथ होती.

मग गवत कापणीचा हंगाम आला. मुंबईला जाणाऱ्या गवताचा व्यापार हा जमीनदारांच्या कमाईचा मोठा भाग होता, त्यामुळे वारल्यांच्या हातात पहिल्यांदाच एक नाडी आली. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी. कापणी थांबली की गवत वाळून मातीमोल होणार, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं. १० ऑक्टोबरच्या सुमारास निरोप फिरला, की बाईंची तलवाड्याला सभा आहे, लाठ्याकाठ्या घेऊन या. निरोप खोटा होता. हजारो माणसं जमली. तिकडे पोलिसांना सांगितलं गेलं, की आदिवासी हल्ला करायला निघालेत. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं मारले गेले. लोक पळाले नाहीत, कारण बाई येणार हा निरोप त्यांच्यासाठी शब्द होता. ज्या नावावर माणसं इतका विश्वास ठेवतात त्या नावाचाच वापर त्यांना मारायला करावा, यापेक्षा नीच डाव मला माहीत नाही.

तलवाड्याचा प्रसंग कुठलाही दिग्दर्शक करील. त्याच्यावर दोन तासांचा सिनेमाही होईल. मला मालिकाच हवी, याचं कारण वेगळं आहे. सिनेमात झरी आणि तलवाडा येतील, पण मधले महिने गळतील. आणि खरं राजकारण त्या महिन्यांत आहे. पाड्यामागून पाडे पायी तुडवणं, रात्री चुलीजवळ बसून ऐकणं, सभेला यायला घाबरणाऱ्याच्या दारी पुन्हा जाणं, मजुरीचा हिशेब समजावणं, फुटलेल्या माणसाला परत आणणं. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० मधल्या पुस्तकाचं मोल यातच आहे. १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. त्यात भीती एकदम जात नाही, थोडी थोडी जाते. रोज बावीस मिनिटं चालणाऱ्या मालिकेजवळ अशी हळूहळू उलगडणारी गोष्ट सांगायला लागतो तेवढा वेळ असतोच. तो वेळ आपण सासू-सुनेच्या नजरानजरेवर खर्च करतो.

बाहेर अशी कामं झाली आहेत. इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांच्यावर १९८२ मध्ये अमेरिकेत दोन भागांची दूरचित्रवाणी मालिका झाली. इनग्रिड बर्गमन कर्करोगाशी झुंजत असताना त्यात उभी राहिली. ती तिची शेवटची भूमिका ठरली आणि मरणोत्तर तिला एमी पुरस्कार मिळाला. त्यात गोल्डाचं घर आहे, पण ते तिच्या कामाच्या आड येत नाही. आपल्याकडे राजकीय विषय सोसत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना गोविंद निहलानींच्या ‘तमस’ची आठवण करून द्यावी. १९८८ साली फाळणीवरची ही मालिका बंद पाडण्यासाठी लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने ती चालू दिली, आणि देशाने ती पाहिली.

आपल्याकडची खरी अडचण भाषेची होईल. वारली माणसं पुण्याच्या प्रमाण मराठीत बोलू लागली, की मालिका तिथेच संपली असं समजावं. बोली हवी, खाली उपशीर्षकं चालतील. माह्या धांगडाची भूमिका डहाणू-जव्हारच्या पोराने करावी. मुंबईच्या नटाला काजळी फासून उभं करू नये. आणि १९४६-४७ मधलं दडपण टाळू नये. तेव्हा मुंबईत बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार होतं आणि गृहखातं मोरारजी देसाईंकडे. परुळेकर दांपत्याला हद्दपार केलं गेलं, आणि जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यातल्याच नाणिवलीला पुन्हा गोळीबार झाला. परकीय राज्याविरुद्धचा लढा दाखवणं सोपं असतं. आपल्याच माणसांचं सरकार आल्यावर जंगलातला माणूस कुणाकडे बोट दाखवतो, ते दाखवायला धीर लागतो.

चरित्रमालिका नवऱ्याच्या मृत्यूवर संपवायची आपल्याला सवय झाली आहे. शामराव १९५७ मध्ये लोकसभेवर निवडून गेले होते. ३ ऑगस्ट १९६५ रोजी ते आर्थर रोड तुरुंगात स्थानबद्ध असताना वारले. गोदावरीबाईही तेव्हा कैदेतच होत्या. त्या पुढे एकतीस वर्षं जगल्या, काम करत राहिल्या आणि १९८६ मध्ये अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. ८ ऑक्टोबर १९९६ रोजी त्यांचं निधन झालं. हा उत्तरार्ध म्हणजे शेवटच्या भागातली एक ओळ होता कामा नये. उलट, प्रौढ बाईच्या पुढारपणाचं चित्रण आपल्या पडद्यावर जवळजवळ नाहीच, म्हणून तो अधिक सविस्तर हवा.

एखादी निर्मितीसंस्था हे मनावर घेणार असेल, तर पटकथाकाराने आधी पुस्तकांच्या कपाटाकडे जाऊ नये. ध्वनिमुद्रक घेऊन तलासरी, डहाणू, विक्रमगडच्या पाड्यांवर जावं. झरीच्या सभेला बापाच्या खांद्यावर बसून गेलेलं पोर आज ऐंशीच्या पुढे असणार, आणि जे त्या दिवशी स्वतःच्या पायांनी चालत गेलं ते नव्वदीच्या घरात. त्यांच्या तोंडून ऐकायचं असेल, तर याच हिवाळ्यात जायला हवं.