उकळायचं कशात, ओतायचं कशातून

चेलाडी फाट्याला पुणे-सातारा रस्ता सोडून नसरापूरहून वेल्ह्याकडे निघालं की वाटेत मार्गासनी लागते. इथून एक रस्ता साखरमार्गे गुंजवण्याला, म्हणजे राजगडाच्या पायथ्याला जातो. दुसरा विंझरवरून वेल्ह्याला आणि तोरण्याकडे. गुंजवणी नदीचं हे खोरं भाताचं. पावसाळ्यात चार महिने घराघरात एकच गोष्ट दिवसभर सुरू असते, ती म्हणजे चहा. अशा गावात एखाद्या जोडप्याने नवं घर मांडलं आणि चहासाठी पहिली किटली कोणती घ्यावी असं विचारलं, तर दुकानदार चकचकीत विजेची किटली पुढे करील, शहरातली मावशी फुलाफुलांची चिनीमातीची देईल आणि आजी माळ्यावरची पितळी काढायला सांगेल. माझं मत या तिघांहून वेगळं आहे. आपल्या घरात चहा उकळतो तो पातेल्यात. किटलीचं काम तो न्यायचं आणि ओतायचं. हे एकदा मान्य केलं की निवड बरीच सोपी होते.

ही विभागणी कोणी आपल्याला शिकवली नाही. शिकवलं गेलं ते नेमकं उलट. 1903 साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. 1930 नंतरच्या जागतिक मंदीत परदेशातली मागणी आटली, तेव्हा मळेवाल्यांचं लक्ष देशातल्या गिऱ्हाइकाकडे वळलं. 1937 साली इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्ड या नावाने हा प्रचार जोरात चालू झाला. एनॅमलच्या पाट्या, भित्तिपत्रकं, प्रात्यक्षिकं, सगळ्यांचा धडा एकच: ताजं पाणी उकळा, चिनीमातीची किटली आधी गरम करून घ्या, माणशी एक चमचा पत्ती टाका, पाच मिनिटं झाकून ठेवा, दूध-साखर शेवटी. पत्ती उकळणं म्हणजे नासाडी, असा त्यांचा सूर. लोकांनी चहा घेतला आणि धडा सोडून दिला.

मसाला घालून चहा पिण्याची सवयही या प्रचाराहून फार जुनी आहे. 1689 साली सुरतेला आलेला इंग्रज पाद्री जॉन ओव्हिंग्टन याने तिथले बनिये चहात गरम मसाले आणि खडीसाखर घालून पितात, असं नोंदवून ठेवलं. म्हणजे राजगडावर मोगलांचा अंमल बसत होता त्या सुमाराला दोन-तीनशे मैलांवरच्या बंदरात मसाल्याचा चहा चालू होता. तो चिनी पानांचा, श्रीमंतांचा, बहुधा औषध म्हणून घेतलेला. मावळात तो पोचायला पुढची दोन शतकं जावी लागली.

उकळण्यावर शिक्कामोर्तब झालं ते सीटीसीने. 1930 च्या सुमारास आसामातल्या अमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चर यांनी पत्ती चिरडून, फाडून, गोळी वळणारं हे सीटीसी यंत्र बसवलं आणि स्वातंत्र्यानंतर त्याचा प्रसार झाला. ही बारीक दाणेदार भुकटी दोन-तीन मिनिटांत रंग सोडते, एका चमच्यात जास्त कप होतात आणि दूध घातलं तरी चव टिकते. दुधातलं केसिन पत्तीतल्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, त्यामुळे खळखळ उकळूनही चहा घशाला ओरखडत नाही. अख्ख्या पानाच्या चहाला हीच वागणूक दिली तर तो कडूजहर होईल. उकळणाऱ्या आजीची पद्धत आणि बाजारातली पत्ती अशी एकमेकांना जुळून गेली.

मग उकळायला किटलीच का नको? कारण दूध. दूध तापलं की वर प्रथिनांची साय धरते, वाफ तिच्याखाली कोंडते आणि फेस चढतो. पातेलं रुंद असतं, फेसाला पसरायला जागा मिळते, उतू जाताना दिसतं, सांडशीने उचलता येतं. किटलीत आत काय चाललंय ते कळत नाही. फेस तोटीतून बाहेर पडतो आणि गॅस विझवतो. शिवाय ठेचलेलं आलं, गवती चहाची पात, वेलदोड्याची सालं तोटीच्या मुळाशी अडकून बसतात ती वेगळीच. पुण्यातल्या अमृततुल्यांकडे बघा. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी नावारूपाला आणलेला हा धंदा, पण त्यांचाही चहा उघड्या पातेल्यात उकळतो, ओगराळ्याने ढवळला जातो, मग फडक्यातून गाळून किटलीत.

चहाच्या भांड्याला आपल्याकडे आणखी एक इतिहास आहे आणि तो गोड नाही. ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापवून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं प्रकरण, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. उच्चवर्णीय पुढारी एका कपावरून इतके अडचणीत येत असतील, तर उरलेल्या समाजाचं काय होत असेल? गावोगावच्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर ठेवलेली असे, ती त्यांनीच विसळायची, चहा वरून ओतला जायचा. 1955 च्या कायद्याने हा गुन्हा ठरला. प्रथा त्यानंतरही रेंगाळली. किटलीची लांब तोट दुरून ओतायला सोयीची असते, हे लिहिताना मला तरी या सोयीचा हा दुसरा उपयोग विसरता येत नाही.

आता धातू. ज्याला खेड्यात अजून जर्मल म्हणतात ते अ‍ॅल्युमिनियम सर्वांत स्वस्त, हलकं, आणि स्टेशनपासून बांधापर्यंत सगळीकडे दिसणारं. त्याच्याविषयी भीतीही तितकीच पसरलेली. पण चहाचं झाड मुळातच जमिनीतून अ‍ॅल्युमिनियम ओढून पानात साठवतं. भांडं कोणतंही असो, लिटरभर कोऱ्या चहात ते काही मिलिग्रॅम उतरतंच. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञसमितीने 2011 मध्ये ठरवलेली मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे 2 मिलिग्रॅम आहे. साठ किलोच्या माणसाला म्हणजे 120. चहा गाळून अर्धा तास जर्मलच्या किटलीत राहिला म्हणून घाबरायचं कारण नाही. लिंबू पिळलेला चहा मात्र त्यात ठेवू नये, आंबटाने धातू जास्त सुटतो.

आजीच्या पितळीबद्दल मी जरा कठोर आहे. दिसायला तिच्यासारखी दुसरी नाही, हे कबूल. पण तिला आतून कल्हई हवी, आणि कल्हई म्हणजे कथलाचा थर. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणून रिकामी किटली विसरून चुलीवर राहिली की थर गेलाच. त्यातून तोटीच्या आत कल्हईवाल्याचा हात नीट पोचत नाही. जुन्या किटल्यांची तोट डाख देऊन जोडलेली असते आणि त्या डाखात शिसं असू शकतं. तिला घासूनपुसून दिवाणखान्यात ठेवा.

राहिलं स्टील. स्टीलमधून उष्णता अ‍ॅल्युमिनियमच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी वेगाने वाहते, म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध बुडाला लागतं. पातेल्यातला हा दोष किटलीत अडत नाही, कारण तिला आचेवर फारसं जायचंच नाही. अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेलचं, म्हणजे 304 प्रतीचं स्टील उत्तम. दुकानात चुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ म्हणतात, त्यावर जाऊ नका. मँगनीजवालं स्वस्त 202 सुद्धा चुंबकाला चिकटत नाही. 2024 मध्ये केंद्र सरकारने स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करणारा आदेश काढला. स्टीलच्या भांड्यांसाठी मानक आयएस 14756 आहे. तो आकडा बुडावर शोधावा.

धातूपेक्षाही तोट महत्त्वाची, आणि तीच कोणी तपासत नाही. तोटीचं टोक किटलीच्या काठाच्या पातळीला किंवा थोडं वर हवं. खाली असलं तर किटली पूर्ण भरताच येणार नाही, चहा तोटीतून वाहील. दुसरं, ओघळ. हळू ओतताना चहा तोटीच्या खालच्या बाजूला चिकटून टेबलावर येतो, त्यावर मोठमोठ्या गणितज्ञांनी डोकं चालवलंय. मार्कस रायनर यांनी 1956 मध्ये प्रश्न मांडला, पुढच्याच वर्षी जोसेफ केलर यांनी हवेच्या दाबाने उत्तर दिलं. तोटीवरच्या कामासाठी केलर आणि त्यांचे सहकारी वांडेन-ब्रूक यांना 1999 साली विनोदी समजलं जाणारं इग नोबेलही मिळालं. व्यवहारातला निष्कर्ष असा की टोकाची कड धारदार, पातळ आणि किंचित खाली वळलेली असावी. जाड, गोलसर कडेला द्रव चिकटतो. दुकानदाराकडे तांब्याभर पाणी मागा आणि ओतून बघा. त्याला राग येईल, येऊ द्या. ओततानाच झाकण पडतं का, कडी हातात फिरते का, हेही कळतं. आणि झाकणाचं तोंड आत हात जाईल एवढं रुंद हवं, नाहीतर दुधाचा थर आतच आंबतो.

विजेच्या किटलीचा मान वेगळा. 1955 साली इंग्लंडात रसेल हॉब्स कंपनीने उकळी आली की वाफेने द्विधातू पट्टी वाकून आपोआप बंद होणारी किटली आणली. आजच्या सगळ्या तिच्याच लेकी-नाती. पाण्यासाठी, कोऱ्या किंवा गवती चहासाठी ती झकास. दूध मात्र तिच्या तळाला करपतं आणि फेस उसळतो. मार्गासनीत आणखी एक अडचण आहे: वीज. दीड हजार वॅटच्या किटलीला साडेसहा अँपिअर लागतात, घरातल्या साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटला ते झेपत नाही. पावसाळ्यात व्होल्टेज 180 वर आलं की तिची ताकद 920 वॅटवर घसरते, आणि लिटरभर पाण्याला साडेतीनऐवजी साडेपाच मिनिटं लागतात. इन्व्हर्टरवर तर ती चालायचीच नाही. उंचीचं म्हणाल तर इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं, राजगडाच्या माथ्यावर साधारण साडेपंच्याण्णवला. सीटीसीला त्याने काही फरक पडत नाही.

चिनीमातीची किटली वाईट नाही, तिला पानाचा चहा लागतो. दार्जिलिंग किंवा निलगिरीचं अख्खं पान आणत असाल तरच घ्या. पाऊण किलोचं थंड भांडं लिटरभर उकळत्या पाण्याला दहाएक अंशांनी थंड करतं, म्हणून ते आधी गरम पाण्याने विसळायचं. प्रचारकांचा एवढा धडा खरा होता. लिटरभर चहाची हलकी जर्मलची किटली पाच-सहा अंशच खाते.

थर्मासचा पर्याय कोणीतरी सुचवीलच, आणि तो पुणे जिल्ह्याला परका नाही. तळेगाव दाभाड्याच्या ईगलचे फ्लास्क एके काळी घरोघरी होते. प्रवासाला, दवाखान्यात थर्मास हवाच. पण दुधाचा चहा त्यात दोन तासांत शिळकट लागतो. बांधावर नेलेली किटली थंड झाली तर तीन दगड मांडून, चार काटक्या पेटवून पुन्हा ऊन करता येते; थर्मासचं तसं नाही. राहता राहिलं माप. घरात पाच माणसं असली तरी एका वेळेला सहाशे मिली पुरतं, आणि त्याला किटली लागतही नाही, पातेल्यातून गाळणीने थेट कपात जातं. किटली लागते ती लावणीला वीस माणसं वाफ्यात उभी असताना. शंभर मिलीचा कप धरला तर हे दोन लिटर झाले. म्हणून पहिली किटली घ्यायची ती दोन लिटरची, स्टीलची, रुंद तोंडाची. लिटरची घेतली तर लावणीच्या पहिल्याच दिवशी घराकडे दुसरी खेप मारावी लागेल.