थांबलेले यंत्र

सुताराच्या जुन्या हत्यारांचा एक गुण असा की, ती माणसाच्या हातावाचून चालत नाहीत. करवत भिंतीला टेकवून ठेवली किंवा रंधा फळीवर आडवा केला, की त्यांचे काम तेथेच संपते. पटाशीची धार कितीही तीक्ष्ण असो, ती आपण होऊन कोणावर धावून जात नाही. या भरवशावर सुतार पिढ्यान्‌पिढ्या आपल्या हत्यारांच्या पसाऱ्यात निर्धास्तपणे मांडी घालून बसत आला.

विजेच्या हत्यारांनी हा भरवसा मोडला. हल्ली हौशी माणसेही घराच्या पडवीत किंवा गच्चीवर लहानशी सुतारशाळा थाटतात. तेथे विजेची गोल करवत असते, विजेचा रंधा असतो, भोके पाडणारे ड्रिल असते. गोल करवतीचे पाते एका मिनिटात सुमारे ५,००० फेरे घेते. लाकडाच्या कडांवर नक्षी काढणारे राउटर नावाचे यंत्र तर त्याच्या चौपट वेगानेही फिरू शकते. या हत्यारांना बळ मिळते ते माणसाच्या दंडातून नव्हे, तर भिंतीतील तारेतून. म्हणून माणसाच्या मनात नसतानाही ती सुरू होऊ शकतात. फिरणाऱ्या पात्याचे भय लहान मुलालाही कळते. मला अधिक भय वाटते ते स्थिर पात्याचे. कारण पाते स्थिर असते, तेव्हाच माणूस त्याला बोटे लावतो.

यंत्र अवचित सुरू होण्याचे पहिले कारण आपल्या नित्य परिचयाचे आहे. पावसाळ्यात एखाद्या दुपारी फळी कापता कापता वीज जाते. करवत थांबते. काम करणारा माणूस ती तशीच फळीवर ठेवतो आणि चहा घेण्यास घरात जातो. पुष्कळ हत्यारांना खटका दाबलेल्या स्थितीत अडकवून ठेवणारी एक लहानशी कळ असते, कारण सतत खटका दाबून बोट दुखते. ती कळ अडकलेलीच राहिली, तर यंत्र थांबलेले असते, पण बंद झालेले नसते. या दोन शब्दांतील भेद नीट ध्यानात घ्या. अर्ध्या तासाने वीज येते आणि रिकाम्या पडवीत ती करवत एकाएकी गरगरू लागते. त्या क्षणी कोणी फळीवरचा भुसा हाताने झाडत असेल, तर काय होईल हे सांगावयास नको.

या संकटावर यंत्रशास्त्राने मोठी सुंदर युक्ती काढली आहे. जागेवर बसविलेल्या बऱ्याच यंत्रांना एक हिरवी व एक लाल अशा दोन कळा असतात. हिरवी कळ दाबली, की आतील जोड जुळतो आणि वीज वाहू लागते. त्याच विजेचा अल्प अंश तारेच्या एका वेटोळ्यातून जातो. वीज खेळू लागताच ते वेटोळे लोहचुंबकासारखे वागू लागते आणि जुळलेला जोड घट्ट धरून ठेवते. वीज गेली, की चुंबकत्व नाहीसे होते व स्प्रिंग तो जोड उघडते. पुढे वीज परतली, तरी तिला वेटोळ्यापर्यंत जाण्यास वाटच उरत नाही. कारण ती वाट त्या जोडातूनच जात होती! कोणीतरी जाणूनबुजून पुन्हा हिरवी कळ दाबीपर्यंत यंत्र स्वस्थ राहते.

दुसरे कारण माणसे होत. वडील करवतीचे पाते बदलीत आहेत अशी कल्पना करा. त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले आहे, पण पिन सॉकेटमध्येच आहे. इतक्यात मुलगा किंवा मुलगी येते. पडवीत उकडते म्हणून पंखा लावावा, या चांगल्या हेतूने फळ्यावरचे एक बटण दाबले जाते आणि ते नेमके करवतीचे निघते. दोष कोणाचा? मुलाचा तर खासच नव्हे. ज्या बटणापर्यंत दुसऱ्याचा हात पोहोचतो, त्याच्यावर स्वतःची बोटे सोपविणे हेच चूक. पाते बदलावयाचे, अडकलेली ढलपी काढावयाची किंवा नुसते तेल घालावयाचे असले, तरी आधी पिन उपसावी आणि ती डोळ्यांसमोर ठेवावी. पिन पुन्हा लावण्यापूर्वी हत्याराचा खटका सुटा आहे की नाही, हेही पाहावे. भुशाने खटका कधी कधी आत अडकून बसतो.

कारखान्यांत हा धोका फार पूर्वीच ओळखला गेला. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या २४ व्या कलमात अशी तरतूद होती की, वीज तोडणारे जे साधन चुकून ‘बंद’वरून ‘चालू’वर सरकू शकते, ते सुरक्षित स्थितीत कुलूपबंद करण्याची सोय असावी. यंत्राच्या पोटात शिरणारा कामगार वीज तोडून तेथे स्वतःचे कुलूप घालतो आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतो, अशी पद्धत अनेक कारखान्यांत आहे. घरच्या पडवीत असा कायदा नाही की देखरेख करणारा अधिकारी नाही. तथापि, पिनेवर बसणारी कुलपाची लहान डबी मिळते. ज्या घरात लहान मुले आहेत, तेथे ती अवश्य असावी.

बॅटरीवर चालणाऱ्या हत्यारांना पिनच नसते, म्हणून लोक त्यांना निरुपद्रवी समजतात. ही समजूत खोटी आहे. त्यांची वीज त्यांच्या पोटातच असते. तेव्हा टोक बदलताना बॅटरी काढून ठेवावी. अशा बऱ्याच ड्रिलांत उलटसुलट फिरविण्याची एक कळ असते. ती मधोमध ठेवली, की खटका दाबलाच जात नाही. ड्रिल एका जागेहून दुसऱ्या जागी नेताना ती तशी ठेवावी आणि बोट खटक्यावर नसावे.

तारेच्या ड्रिलचे टोक आवळण्यास एक दातेरी चावी लागते. ती हरवू नये म्हणून काही कारागीर ती तारेलाच बांधतात. पण हत्याराजवळ नव्हे, तर अगदी पिनेजवळ. टोक बदलण्यासाठी चावी ड्रिलपर्यंत आणावी लागते, आणि पिन सॉकेटमधून काढल्याशिवाय चावी तेथवर येतच नाही.