स्टिअरिंगजवळचा पाना

१२ जून १९६६. बेल्जियममधला स्पाचा जुना ट्रॅक म्हणजे खरं तर गावागावांतून जाणारा १४ किलोमीटरचा हमरस्ता होता. कडेला झाडं, खांब, शेतकऱ्यांची घरं. पहिल्याच फेरीत पावसाची सर आली आणि ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगात असलेली जॅकी स्टुअर्टची बीआरएम गाडी रस्ता सोडून गेली. वाटेत जे आलं त्यावर आदळत ती एका शेतघराच्या आवारात जाऊन पडली. आदल्याच दिवशी २७ वर्षांचा झालेला जॅकी आत अडकला. दबलेल्या पत्र्यात पाय, अंगावर पेट्रोलची धार. एक ठिणगी उडाली असती, तरी सारं संपलं असतं.

तिथे ना डॉक्टर होता, ना आग विझवणारं कोणी. त्याच पावसात घसरलेले ग्रॅहम हिल आणि बॉब बॉन्ड्युरंट हे दोघे चालक धावून आले. स्टिअरिंग काढल्याशिवाय त्याला बाहेर ओढता येईना आणि स्टिअरिंग काढायला पाना नव्हता. तो एका प्रेक्षकाकडून मागून आणावा लागला. त्यात जवळपास पंचवीस मिनिटं गेली. पुढे लिएजच्या इस्पितळाकडे निघालेली रुग्णवाहिका वाट चुकली.

बरा होऊन परतल्यावर स्टुअर्टने आपल्या गाडीत स्टिअरिंगजवळ एक पाना टेपने चिकटवून ठेवला. त्याचं पुढचं सगळं आयुष्य मला या पान्यात दिसतं.

जॅकी मूळचा स्कॉटलंडच्या डनबार्टनशायरचा, गॅरेजवाल्याचा मुलगा. शाळेत अक्षरं लागेनात म्हणून 'ढ' ठरला आणि शाळा लवकर सुटली. तो डिस्लेक्सिया होता, हे कळायला वयाची चाळिशी उलटावी लागली. पोराने आधी नाव काढलं ते हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवरच्या नेमबाजीत. १९६० च्या रोम ऑलिम्पिकचा संघ थोडक्यात हुकला. १९६४ मध्ये शर्यतींचा संघ चालवणाऱ्या केन टिरेल यांनी त्याला गुडवुडच्या ट्रॅकवर पारखलं. पुढच्याच वर्षी तो फॉर्म्युला वनमध्ये उतरला आणि त्याच मोसमात मोंझाला जिंकलाही.

स्पाच्या अपघातानंतर त्याने मागितलं ते आज साधं वाटेल: गाडीत पट्टे, डोकंभर हेल्मेट, कडेला कठडे, ट्रॅकवर डॉक्टर आणि अग्निशमन दल. पण तेव्हा मरणाची टांगती तलवार हाच या खेळाचा मान समजला जाई. स्टुअर्टला भित्रा ठरवण्यात आलं. डेनिस जेंकिन्सनसारख्या नामवंत मोटार-पत्रकारानेही त्याच्यावर कडक लिहिलं.

या आरोपाला ४ ऑगस्ट १९६८ रोजी जर्मनीत परस्पर उत्तर मिळालं. न्युर्बुर्गरिंगच्या जंगलातला जवळपास २३ किलोमीटरचा तो वळणावळणांचा ट्रॅक. 'हिरवा नरक' हे नाव त्याला स्टुअर्टनेच दिलेलं. धुकं इतकं की समोरची गाडी दिसत नव्हती, वर मुसळधार पाऊस. त्याचं मनगट मोडलेलं, आधारपट्टीत बांधलेलं. अशा हवेत शर्यत व्हायलाच नको, असं त्याचं मत. तरी तो उतरला आणि दुसऱ्या आलेल्या ग्रॅहम हिलला त्याने चार मिनिटांहून अधिक मागे टाकलं. सेकंदांच्या अंशांवर निकाल लागणाऱ्या या खेळात चार मिनिटं! घाबरट माणसाच्या हातून हे होत नाही. त्याचं भय अडाणी नव्हतं, एवढंच. पट्ट्याविना मरणं त्याला शौर्य वाटत नव्हतं.

चालकांची एकजूट झाली. १९६९ मध्ये स्पाची शर्यत रद्द झाली. १९७० मध्ये जर्मन ग्रां प्रीला न्युर्बुर्गरिंग सोडून हॉकेनहाइमला जावं लागलं. ट्रॅकच्या मालकांना हे रुचणं शक्यच नव्हतं. पण स्मशानात जाऊन येणारे मालक नव्हते, चालक होते. १९६८ च्या एप्रिलमध्ये जिवलग मित्र जिम क्लार्क गेला. १९७० मध्ये पिअर्स करेज जळून गेला, त्याच वर्षी योखन रिंट. रिंटला जगज्जेतेपद मिळालं ते मरणोत्तर. या घरांतल्या बायकांना धीर द्यायला स्टुअर्टची पत्नी हेलन असे.

१९६९, १९७१ आणि १९७३ अशी तीन जगज्जेतेपदं त्याने मिळवली. २७ विजयांचा त्याचा विक्रम १९८७ मध्ये ॲलन प्रॉस्टने मोडेपर्यंत टिकला. १९७३ च्या मोसमाअखेर थांबायचं, हे त्याने एप्रिलमध्येच ठरवलं होतं. टिरेलना सांगितलं, हेलनला नाही. प्रत्येक शर्यतीला ती उलटी मोजणी करत बसली असती. संघातला धाकटा साथी फ्रान्स्वा सव्हेर यालाही सांगितलं नाही. पुढच्या मोसमात संघाची धुरा त्याच्याकडेच यायची होती.

शेवटची शर्यत अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला, कारकिर्दीतली शंभरावी. आदल्या दिवशी, ६ ऑक्टोबरला, सरावात सव्हेरची गाडी कठड्यावर आदळली आणि तो जागीच गेला. ज्या कठड्यांसाठी स्टुअर्ट भांडला, तेही त्या दिवशी अपुरे पडले. टिरेल संघाने गाड्या मागे घेतल्या. स्टुअर्टच्या नावापुढे आजही ९९ शर्यतीच लिहिलेल्या आहेत.