भिंत बुजण्यापूर्वी

परभणीहून आलेले माझे आजोबा निजामाच्या राज्यातील बांधकाम खात्याच्या दप्तरात कारकून म्हणून रुजू झाले आणि पुढे हैदराबादेत काचीगुडा स्थानकापासून हाकेच्या अंतरावरील एका गल्लीत त्यांनी घर बांधले. वाटण्या होऊन ते घर विकले गेले तेव्हा हिश्शाच्या रकमेखेरीज त्यातली तीन सागवानी दारे, चौकटींसह, मी मागून घेतली. ती उतरवण्याच्या दिवशी मी तेथे हजर होतो. गवंड्याने चुना पोखरून पहिली चौकट मोकळी केली आणि अंगणात आडवी ठेवली, तेव्हा दिसले की तिच्यात एकही खिळा नव्हता. उभ्या बाहीच्या टोकाला काढलेली कूस गणेशपट्टीच्या खाचेतून आरपार वर आली होती आणि दोहोंना छेदून जाणारी एक लाकडी खुंटी ठोकून तो सांधा पक्का केला होता. त्या घरातली वीजही अशीच उघडी होती. हुसेनसागराच्या काठी 1920 साली उभारलेल्या औष्णिक केंद्रातून शहराला वीज मिळू लागल्यावर पुढे केव्हातरी ती आमच्या गल्लीत पोहोचली, आणि तिच्या तारा भिंतींवर ठोकलेल्या लाकडी पट्ट्यांवरून, पत्र्याच्या चिमट्यांत धरलेल्या, सर्वांच्या नजरेसमोर धावत असत. कोठून निघाली आणि कोठे गेली हे घरातल्या लहान मुलालाही बोट फिरवून सांगता येई.

मल्काजगिरीत दोनशे चौरस गजांच्या जागेवर मी स्वतःचे घर बांधावयास घेतले, तेव्हा या उघडेपणाची किंमत मला प्रथम कळली. आजच्या घरात तार भिंतीच्या आत जाते, नळी सिमेंटच्या छतात गाडली जाते, चौकटीचा सांधा रंगाखाली आणि तिला भिंतीशी जखडणाऱ्या लोखंडी पट्ट्या गिलाव्याखाली नाहीशा होतात. सगळे दिसते तो काळ फार थोडा असतो. विटांचे काम संपल्यापासून गिलावा सुरू होईपर्यंतचे तीन-चार आठवडे. त्या आठवड्यांत घरमालकाने रोज जागेवर उभे राहावे, मग पुढे महिनोन्महिने नाही गेला तरी चालेल, असे माझे मत त्या घराने बनवले.

आमचे सुतारकाम करणारे वृद्ध गृहस्थ तेलुगू होते आणि त्यांना सारे आचारी म्हणत. मराठी कानाला आचारी म्हणजे स्वयंपाकघरातला माणूस. पण तेलुगू मुलखात लाकूड, लोखंड आणि सोने घडवणाऱ्यांना हे नाव आदराने लावतात आणि त्यांचे काम पाहिल्यावर त्या शब्दामागचा आचार्य मला स्पष्ट दिसू लागला. लाकूड घेण्यासाठी ते मला स्वतःबरोबर वखारीत घेऊन गेले. बल्लारशाच्या सागाला हैदराबादेत पूर्वीपासून मान आहे आणि वखारवाला प्रत्येक ओंडका बल्लारशाचाच म्हणून दाखवत होता. आचाऱ्यांनी त्याच्याशी वाद न घालता फळ्यांची टोके ओली करून वलये पाहिली, कडेचा फिकट भाग किती आहे ते बोटाने मोजले आणि ज्या फळीत तो दोन बोटांहून अधिक होता ती बाजूला सारली, कारण वाळवी साग खात नाही हे म्हणणे त्याच्या गाभ्यापुरते खरे. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला ती सोडत नाही. मुख्य दरवाजासाठी साग घ्यावा आणि आतल्या चौकटींसाठी ऐन, ज्याला तेलुगूत नल्लमद्दी म्हणतात, घ्यावा ही तजवीजही त्यांचीच. घनफुटाचा दर निम्म्याहून खाली येत होता म्हणून मी ती आनंदाने मानली.

मुख्य चौकट बसवण्याचा दिवस तेलुगू घरांत मंगल मानतात, आणि गवंडी, सुतार, मजूर सारेच तेलुगू असल्याने आम्हीही तो तसाच पाळला. उंबरठ्याला हळद-कुंकू लावले, आंब्याची डहाळी बांधली, खालच्या खड्ड्यात नवधान्य घातले. पूजा आटोपताच आचाऱ्यांनी ओळंबा सोडला आणि पुढचा अर्धा तास एकही शब्द न बोलता त्या चौकटीशी झटत राहिले. एका बाजूने ओळंबा लावून न थांबता त्यांनी प्रत्येक बाही समोरून आणि कडेने, अशी दोन्ही अंगांनी तपासली. मग दोन विरुद्ध कोपऱ्यांतून सुतळी ताणून दोन्ही कर्ण मोजले, कारण चारही बाजू बरोबर असूनही चौकट तिरकी असू शकते आणि तिरक्या चौकटीतली झडप जन्मभर आपोआप उघडते किंवा आपोआप मिटते. शेवटी त्यांनी मला विचारले की फरशी कोणती घालणार. मी अजून ठरवले नव्हते. तांडूरचा दगड घातला तर चुन्यासकट किती जाडी येईल आणि पातळ लादी घातली तर किती, हा हिशेब उंबरठ्याखाली आधीच धरावा लागतो, हे माझ्या गावीही नव्हते. त्यांनी काम थांबवले आणि मी निर्णय केल्यावरच उंबरठ्याखाली विटेचा तुकडा सरकवला.

वीजकाम करणारा तरुण जुन्या शहरातला होता. दखनी बोलणारा, हाताचा चपळ आणि नकाशा न पाहता काम करण्याची सवय असलेला. त्याने एका दिवसात सगळ्या खोल्यांच्या भिंतींवर खडूने चौकोन आखले आणि दुसऱ्या दिवशी झिऱ्या मारायला घेतल्या. त्या संध्याकाळी मी एकटाच रिकाम्या घरातून फिरलो. निजायच्या खोलीच्या दाराशी येऊन, काल्पनिक झडप उजव्या हाताने ढकलून आत पाऊल टाकले आणि दिव्याचे बटण शोधण्यासाठी हात पुढे केला, तो हात पोहोचला त्या जागी बटणाचा चौकोन नव्हता; तो उघडलेल्या झडपेच्या मागे जाणार होता. दाराची उघडण्याची बाजू पंधरा दिवसांपूर्वी, पलंगाची जागा बदलली म्हणून, मी आणि आचाऱ्यांनी परस्पर बदलली होती आणि ती वीजकाम करणाऱ्याला कोणी सांगितली नव्हती. दोष सर्वस्वी माझा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनाही एकत्र बोलावून आम्ही प्रत्येक दाराशी उभे राहिलो. आचाऱ्यांनी जमिनीवर खडूने झडपेची कमान काढली, मी पलंग, कपाट, टेबल यांच्या रेषा काढल्या, आणि त्यानंतरच बटणांच्या जागा ठरल्या. चौकटीला लगटून पेटी बसवावयाची नाही, नऊ इंच सोडावयाचे, नाहीतर पुढे चौकटीभोवतीची लाकडी पट्टी पेटीवर येते, हेही तेथेच निघाले. “हौ साब, ये पयलेच करना था,” तो तरुण म्हणाला, आणि ते खरे होते.

परंतु या घराने मला सर्वांत अधिक शिकवले ते जमिनीने. हैदराबाद ग्रॅनाइटच्या खडकावर वसले आहे. शहरात जागोजागी उभे असलेले प्रचंड गोल धोंडे पृथ्वीवरील अत्यंत पुराण खडकांपैकी आहेत, त्यांचे वय सुमारे अडीच अब्ज वर्षांचे सांगतात. पाहुण्यांना ते दाखवताना अभिमान वाटतो, पण घराच्या विजेला भूमीशी जोडावयाची वेळ आली की तोच खडक वाट अडवतो. भूसंयोजनाची, म्हणजे आपण सारे ज्याला अर्थिंग म्हणतो त्याची, नेहमीची पद्धत अशी की सुमारे अडीच मीटर लांबीची जस्तलेपित लोखंडी नळी जमिनीत उभी गाडावयाची, तिच्याभोवती कोळसा आणि मीठ यांचे आळीपाळीने थर द्यावयाचे आणि वरून अधूनमधून पाणी घालत राहावयाचे. आमच्या मजुरांनी खणायला घेतले. दोन फूट मुरूम निघाला, तिसऱ्या फुटावर पहार खणखणली. वीजकाम करणाऱ्याने सहज सुचवले की नळी तीन फुटांवर कापू, वर सिमेंटचे झाकण बसवू, आत कोण पाहणार. ते बोलताना त्याच्या मनात लबाडी नव्हती. शेजारच्या अनेक घरांतून असेच झाले होते आणि दिवे सर्वत्र लागत होते.

भूसंयोजन नसले तरी दिवे लागतातच, पंखे फिरतात, आणि म्हणूनच ही उणीव वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. मी ओळखीच्या एका अभियंत्यांकडून मोजणीचे यंत्र आणवले. तीन फुटांच्या नळीचा रोध साठ ओहमांच्या वर भरला. त्यांनी कागदावर जो हिशेब मांडला तो मी जपून ठेवला आहे. स्नानगृहातील पाणी तापवण्याच्या यंत्रात एखादी तार सुटून त्याच्या पत्र्याला चिकटली, तर 230 व्होल्टच्या दाबाने साठ ओहमांतून जमिनीत जाणारा प्रवाह चार अँपिअरही भरत नाही. सोळा अँपिअरला तुटणारा खटका तो ओळखतच नाही आणि यंत्राचा पत्रा, ओल्या हाताची वाट पाहत, तसाच जिवंत राहतो. रोध दहा ओहमांखाली आला तरच प्रवाह पंचविसाच्या घरात जातो आणि खटक्याला जाग येते; तीही सावकाश. म्हणून तीस मिलिअँपिअरची गळती होताच क्षणार्धात वीज तोडणारे दुसरे उपकरण मुख्य पेटीत असलेच पाहिजे, आणि ते आहे म्हणून जमिनीतल्या जोडणीत हयगय करावी असेही नाही, कारण उपकरण कधी बिघडेल याची कोणी हमी देत नाही.

खडक फोडण्याचा खर्च आमच्या आवाक्यात नव्हता. त्यावर उपाय अभियंत्यांनीच सांगितला. भारतीय मानकांत तो पूर्वीपासून दिलेला आहे, पण किरकोळ कामांत कोणी वापरीत नाही. खाली जाता येत नसेल तर आडवे जावे. कुंपणाच्या भिंतीलगत अर्धा मीटर खोल आणि पंधरा मीटर लांब चर खणून त्यात जस्तलेपित लोखंडी पट्टी अखंड पसरली, खडे काढून टाकलेली काळी माती भरली आणि कपडे धुण्याच्या दगडाचे पाणी त्या चराच्या अंगाने वाहील असा उतार दिला. आमच्या जागेची ती बाजू साठ फुटांची होती, म्हणून हे जमले. ती पट्टी आणि पूर्वीची तोकडी नळी जोडून पुन्हा मोजले तेव्हा काटा नऊवर थांबला. तो तरुण बराच वेळ यंत्राकडे पाहत राहिला आणि नंतर त्याने मला ती मोजणी कशी करावयाची ते अभियंत्यांकडून शिकून घेण्याची परवानगी मागितली. त्या मागणीने मला घर पुरे झाल्याइतका आनंद झाला.

बाकीच्या अडचणी लहान होत्या. छत ओतताना दोन नळ्यांची तोंडे कागद कोंबून नीट बंद केलेली नव्हती. त्यांत सिमेंटचे पाणी शिरून त्या दगडासारख्या झाल्या आणि तार ओढण्याची पोलादी पट्टी मध्येच अडू लागली, तेव्हा एका पंख्याची वाट भिंतीतून वळवून न्यावी लागली. जिन्याच्या दिव्याने दोन दिवस छळले. खालच्या मजल्यावरून जिवंत तार आणि वरच्या मजल्यावरून परतीची तार घेतल्यामुळे, दोन्ही मजल्यांची गळतीरक्षक उपकरणे वेगळी असल्याकारणाने, दिवा लावताच सगळे घर अंधारात जाई. ज्या मजल्यावरून वीज निघाली तेथेच ती परत गेली पाहिजे. इतकी साधी गोष्ट सापडायला दोन दिवस गेले.

झडपा मात्र मी घाईने लावून घेतल्या. आचाऱ्यांचे म्हणणे होते की फळ्या चिरून, मध्ये काठ्या ठेवून, घरातच महिना-दीड महिना रचून ठेवाव्यात आणि गिलावा सुकल्यावर झडपा जोडाव्यात. मुदत टळत होती, भाड्याचे घर सोडावयाचे होते, म्हणून मी आग्रह धरला. जुलैत पाऊस सुरू झाला, नव्या भिंतींचा ओलावा त्यात मिळाला, आणि आठ दिवसांत चार झडपा चौकटीत बसेनाशा झाल्या. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. ते रुंदीत फुगते, आणि वलयांना समांतर चिरलेली फळी आडव्या चिरलेल्या फळीच्या जवळजवळ दुप्पट. मी रंधा मारून घ्यायला सांगितले. आचाऱ्यांनी साफ नकार दिला. आत्ता सोललेत तर मेमध्ये या फटीतून बोट जाईल, दिवाळीपर्यंत दारे उघडी राहू द्या, असे ते म्हणाले आणि रंधा पिशवीत घालून निघून गेले. आम्ही चार महिने निजायच्या खोलीला पडदा लावून राहिलो.

त्या सबंध पावसाळ्यात काचीगुड्याची तीन दारे मात्र निमूटपणे उघडत-मिटत होती. उंचीला तोकडी म्हणून ती देवघर, कोठी आणि मागील पडवी यांना लावली होती. त्यांच्यातले रहस्य आचाऱ्यांनी एका दारावर टिचकी मारून दाखवले: मधल्या फळ्या चौकोनी सांगाड्याच्या खोबणीत नुसत्या सरकवलेल्या आहेत, त्यांना कोठेही सरस किंवा खिळा नाही; फुगल्या तर खोबणीत फुगतात, आकसल्या तर तेथेच आकसतात, आणि सांगाड्याला त्याचा पत्ताही लागत नाही. आमच्या नव्या झडपांच्या फळ्या मीच, आवाज येऊ नये म्हणून, चिकटवायला लावल्या होत्या. दिवाळीनंतर आचारी आले, चारांपैकी तीन झडपा आपोआप बसू लागल्या होत्या आणि चौथीवर त्यांनी कागदाइतका पातळ छिलका काढला.

गिलाव्याच्या आदल्या दिवशी मी प्रत्येक भिंतीशी मोजपट्टी धरून तिचे छायाचित्र घेतले होते. फरशीपासूनची उंची, चौकटीपासूनचे अंतर, नळ्यांचे वळण, सारे त्यात दिसते. ती छायाचित्रे भिंतवार क्रमांक घालून मी खरेदीखत आणि मंजूर नकाशाबरोबर त्याच लोखंडी पेटीत ठेवली आहेत. गेल्या महिन्यात स्वयंपाकघरात फळी बसवण्यासाठी माणूस आला आणि त्याने भिंतीला छिद्र पाडण्याचे यंत्र लावले, तेव्हा माझ्या मुलीने त्याला थांबवून पेटी उघडली, सात क्रमांकाच्या भिंतीचे चित्र शोधले, आणि पेन्सिलीची खूण चार बोटे डावीकडे सरकवली.