पावती बरोबर आहे, पण पाणी आलं का?

नऊ हा अंक दहा वेळा लिहिला की एक मोबाइल क्रमांक तयार होतो. आयुष्मान भारत योजनेच्या नोंदींत हा एकच क्रमांक ७,४९,८२० लाभार्थ्यांच्या नावापुढे होता. दहा वेळा आठ लिहून झालेला क्रमांक आणखी लाखाहून जास्त जणांच्या नावापुढे. ४३,१९७ कुटुंबं अशी, की त्यांत सदस्य अकरापासून थेट दोनशे एकपर्यंत. आणि ३,४४६ रुग्ण असे, की आधीच्या उपचारात ते दगावल्याची नोंद झाली होती, तरी त्यानंतरच्या उपचारांपोटी रुग्णालयांना ६.९७ कोटी रुपये दिले गेले.

हे शोधलं भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या माणसांनी, म्हणजे आपण ज्यांना 'कॅग' म्हणतो त्यांनी. अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. मला थक्क करते ती त्यांची पद्धत. यातलं एकेक बिल सुटं हातात घेतलं तर त्यात काहीच वावगं दिसणार नाही: रुग्णाचं नाव आहे, आजार आहे, रक्कम आहे. गडबड दिसते ती सगळ्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून त्यांना साधे प्रश्न विचारले की. हा क्रमांक आणखी किती जणांचा? या कुटुंबात माणसं किती? हा माणूस त्या तारखेला जिवंत होता का?

सरकारची बाजू अशी, की लाभार्थ्याची ओळख आधारवरून पटवली जाते, मोबाइल क्रमांकावरून नाही. ही बाजू ऐकून घ्यायलाच हवी, आणि ऐकली जातेही. लेखापरीक्षणाच्या अहवालात आक्षेपाखालीच खात्याचं उत्तर छापलेलं असतं. मोठ्या कुटुंबांच्या आक्षेपावर योजना चालवणाऱ्या प्राधिकरणाने तो मान्य करून उत्तर दिलं, की पंधराहून जास्त सदस्य असलेल्या कुटुंबात नवं नाव घालण्याची सोय बंद करण्याचं धोरण आखत आहोत. कुणावर खटला नाही, कुणाला दंड नाही. एक प्रश्न विचारला गेला आणि देशभरच्या संगणक प्रणालीतली एक खिडकी बंद करायचं ठरलं!

नेहमीचं लेखापरीक्षण विचारतं: पैसा मंजूर होता का, नियमाने खर्च झाला का, पावती आहे का. कामगिरीचं लेखापरीक्षण त्याच्या पुढे जातं. काटकसरीने झालं का, तेवढ्याच पैशात जास्त काम होऊ शकलं असतं का, आणि ज्यासाठी हे सारं केलं ते साधलं का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत अवघड असतो.

महाराष्ट्रात तो जलयुक्त शिवार अभियानाला विचारला गेला. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या या अभियानाचं उद्दिष्ट होतं २०१९ पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्र. खर्च झाला ९,६३३.७५ कोटी रुपये. सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात आलेल्या अहवालाने बंधारे किती बांधले यावर समाधान मानलं नाही. गाव पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झालं का, भूजलाची पातळी वर आली का, टँकर थांबले का, हे पाहिलं. आणि परिणाम फारसा दिसत नाही, असं लिहिलं. त्यावर राजकारण पुष्कळ झालं. पण ज्या गावात बायका टँकरची वाट पाहत उभ्या राहतात, त्या गावाच्या दृष्टीने याहून रास्त प्रश्न दुसरा कोणता?

असे प्रश्न कचेरीत बसून सुटत नाहीत. सगळी गावं पाहणं अशक्य, म्हणून शितावरून भाताची परीक्षा: संख्याशास्त्राच्या रीतीने जिल्हे, तालुके, गावं निवडायची. मग खात्याच्याच अभियंत्याला बरोबर घेऊन संयुक्त पाहणी. मोजमाप पुस्तिकेत लिहिलेला बांध जागेवर आहे का, त्यात गाळ किती, पाणी किती, याचे फोटो आणि टिपण. 'मी तिथे नव्हतो' असं म्हणायला खात्याला जागाच उरत नाही.

एवढं धैर्य कुठून येतं? संविधानाच्या कलम १४८ मधून. महालेखापरीक्षकांना पदावरून काढायचं तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याचीच प्रक्रिया लागते. नेमणुकीनंतर त्यांचा पगार कमी करता येत नाही. निवृत्तीनंतर केंद्राचं किंवा राज्याचं कुठलंही पद त्यांना घेता येत नाही. म्हणजे भीती नाही आणि लालूचही नाही. कामगिरी तपासण्याच्या त्यांच्या अधिकारालाच २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. न्यायालयाने याचिका फेटाळताना बजावलं, की महालेखापरीक्षक म्हणजे जमाखर्च पाहणारा मुनीम नव्हे.

मात्र शिक्षा देण्याचा अधिकार त्यांना नाही, आणि माझ्या मते तो नसावाच. त्यांचं काम पाहायचं आणि लिहायचं. पुढचं काम विधिमंडळाचं आणि त्याच्या लोकलेखा समितीचं. खरी गळती इथे आहे. कलम १५१ म्हणतं की अहवाल सभागृहापुढे ठेवावा; किती दिवसांत, ते सांगत नाही. त्यामुळे आपल्याकडे हे अहवाल बहुधा अधिवेशनाच्या अगदी शेवटच्या दिवशी पटलावर येतात आणि चर्चेला वेळच उरत नाही. अहवाल हाती आल्यापासून ठरावीक दिवसांत तो मांडलाच पाहिजे, अशी मुदत कायद्याने घालून द्यायला हवी.

तोवर आपल्याला एक करता येईल. पटलावर आलेला अहवाल सगळ्यांना खुला असतो, फुकट मिळतो. त्यात आपल्या जिल्ह्याचं नाव शोधा, खात्याचं उत्तर वाचा, आणि आपल्या आमदाराला विचारा की यावर सभागृहात तुम्ही काय बोललात.